दुसरी किल्ली

प्रिय खटपटे,

अनेक आशीर्वाद. तुझ्याआधी हे पत्र जे कोणी वाचणार आहेत त्यांनाही माझा नमस्कार. तुरुंगात जाणारं प्रत्येक पत्र आधी फोडून वाचलं जातं असं वकीलबाईंनी मला बजावलंय, त्यामुळे लिहिताना आपल्या दोघांच्या मध्ये कुणीतरी तिसरं खुर्ची ओढून बसलंय असंच वाटतंय. असो. त्या तिसऱ्या माणसाला एकच विनंती, माझं अक्षर गिचमिड आहे, त्याचा राग मुलीवर काढू नये. तरी फोनपेक्षा हे बरं. हल्ली घरच्या फोनवर भाजी काय आणू एवढंसुद्धा विचारायला मी कचरतो, कारण पलीकडे फक्त तुझी आई ऐकतेय की आणखी कोणी, हे कळायला मार्ग नाही. पत्राचं निदान एवढं तरी आहे की ते फोडलं तर फोडलेलं दिसतं.

दुकान चालू आहे, पण शटर अर्धंच उघडतो. समोरचा रस्ता पार खणून ठेवलाय. नवे पाइप टाकतायत. तू ज्या गल्ल्यांची नावं फोनवरच्या तुझ्या त्या पानावर लिहिली होतीस, नेमक्या त्याच गल्ल्यांपासून काम सुरू झालंय. सगळी धूळ आत येते, भिंतीवरच्या कोऱ्या किल्ल्या रोज पुसाव्या लागतात. म्हणजे बघ, पाणी खराब होतं हे त्यांना मान्य, पाइप बदलायला हवेत हेही मान्य, फक्त तू जे लिहिलंस ती अफवा, आणि त्यापायी तू आत. मी मुकादमाला विचारलं, बाबा रे, अफवेसाठी एवढा मोठा खड्डा कशाला? तो हसला, मग इकडेतिकडे बघून खड्ड्यात उतरला. शेजारच्या शिंप्याची नात काविळीतून बरी झाली. तो रस्त्यात भेटला की हात जोडतो, पण दुकानाची पायरी काही चढत नाही. मी त्याला बोल लावत नाही. त्यालाही पोट आहे.

सोमवारी मला साक्षीदार म्हणून कोर्टात बोलावलंय, हे तुझ्या कानावर आलंच असेल. तुझा फोन अजून उघडलेला नाही. त्यांची तज्ज्ञ मंडळी झटतायत, पण तो उघडायचा आकडा ठरावीक वेळा चुकला की आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून हात लावायला घाबरतात. एक कुलूपवाला म्हणून सांगतो, कुलूप फार सुरेख केलंय, ज्याने केलं त्याला एकदा चहा पाजायला आवडेल मला. तो आकडा सांगणार नाही असं तू न्यायाधीशांना तोंडावर सांगितलंस. आरोपीला स्वतःविरुद्ध बोलायला लावता येत नाही, तो तुझा हक्क, तेव्हा तिथेच त्यांचं घोडं अडलं. आणि मग त्यांना कळलं की तो आकडा आणखी एका माणसाला माहीत आहे. तो माणूस म्हणजे मी. हे इतकं उघड लिहितोय कारण आता ते त्यांच्यापासून लपलेलं नाही, आणि लिहिण्याआधी मी वकीलबाईंना विचारलंय.

खरं तर ही चूक आपल्याच घरात होऊ शकते. तुझे आजोबा कुलूप विकताना दोन्ही किल्ल्या एका जुडग्यात कधीच द्यायचे नाहीत. एक गिऱ्हाइकाच्या हातात, दुसरी त्याच्या विश्वासातल्या माणसाकडे. तोच नियम मी घरात लावला आणि तू तो असा उचललास की सायकलची, कपाटाची, वसतिगृहाच्या खोलीची, प्रत्येक दुसरी किल्ली माझ्या खिळ्यावर येऊन लटकली. फोन घेतलास त्या दिवशी दुकानात आलीस, कानशीचा आवाज थांबेपर्यंत उभी राहिलीस आणि माझ्या कानात आकडा सांगितलास. मी म्हटलं, अगं, याला कुठे किल्ली असते? तर म्हणालीस, बाबा, नियम म्हणजे नियम. शाळेत रसायनशास्त्र शिकवणारी, चार माणसांत मान असलेली बाई, आणि फोनचा आकडा बापाला सांगते. बाकीच्यांची मुलं तो बापापासूनच लपवतात. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं, हे आज कबूल करतो. पण नियमाला दुसरी बाजू आहे आणि तीही तुला पाठ आहे. दुसरी किल्ली ज्याच्याकडे असते त्याच्या मालकीची ती नसते. मालकाने सांगितल्याशिवाय ती खिळ्यावरून काढायची नाही, अगदी घराला आग लागली तरी आधी दार फोडायचं.

पोलीस तुला न्यायला आले त्या सकाळचं मला अजून सगळं डोळ्यांसमोर दिसतं. तू दात घासत होतीस, तोंडाला फेस, आणि त्यांनी तुला चूळ भरायलाही आत जाऊ दिलं नाही. तुझ्या टेबलाचा खण बंद होता. त्यांच्यातल्या एकाने पहार मागवली तेव्हा चष्मेवाले साहेब म्हणाले, पहार कशाला, घरातच कारागीर आहे. त्यांना मी आजचा ओळखत नाही. कोर्टाचा कागद आणून त्यांनी कितीतरी बंद घरं माझ्याकडून उघडून घेतली आहेत. मी कागदावरचा पत्ता दारावरच्या पाटीशी ताडून बघायचो, तेव्हा ते माझी थट्टा करायचे, काका, तुम्ही वकील व्हायचं सोडून किल्ल्या कशाला घासत बसलात म्हणून. त्या सकाळी त्यांच्याकडे कागद होता आणि पत्ता आपलाच होता. तरी मी तुझ्याकडे बघितलं आणि विचारलं, उघडू का? तू मान हलवलीस तेव्हा खण उघडला. आत तपासायच्या वह्या, खडूचा डबा आणि तू कॉलेजात असताना मला न दाखवलेल्या कविता. साहेबांनी त्या चाळल्या. माझ्या मुलीच्या कविता माझ्याआधी त्यांनी वाचल्या, याचा मला जेवढा राग आला तेवढा बाकी कशाचाही आला नाही.

आता आईबद्दल लिहितो. तू तिच्यावर रागावू नकोस. मी दुकानात असताना चष्मेवाले साहेब घरी आले. चहा घेतला, चहाचं कौतुक केलं, आणि मग हळूच म्हणाले की तुमची मुलगी आत नीट जेवत नाही, वजन उतरलंय. फोन एकदा उघडला की तिला ठेवून घ्यायचं कारणच उरणार नाही, आठवडाभरात घरी येईल. तो आकडा घरात कुणाला ठाऊक असेल का? तुझी आई म्हणाली, आमच्याकडे एका किल्लीचं कुलूप नसतंच हो, दुसरी यांच्याकडे असते. संध्याकाळी तिने ही गोष्ट मला आनंदाची बातमी म्हणून सांगितली. तुझी चादर धुऊन वाळत घातली होती, गादीला ऊन दाखवलं होतं. मी तिला नको ते बोललो. तू पोरीच्या गळ्यात धोंडा बांधलास, असं काहीतरी बोलून गेलो. तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे मीठ दे, गॅस बंद कर, एवढंच. तिचं म्हणणं सरळ आहे. ज्या माणसांनी तुला फोटो पाठवले, ज्यांनी प्रयोगशाळेतल्या नमुन्यांच्या रिकाम्या बाटल्या आणि न तपासलेल्या पाण्याचे आधीच भरून सह्या केलेले अहवाल तुला दाखवले, त्यांच्यातलं एक तरी आपल्या दारात आलं का? त्यांची नावं त्या फोनमध्ये सुरक्षित आणि आपली पोर आत. आईच्या जागी बसून बघितलं तर यात खोटं काय आहे?

मामाचंही येणं झालं. तो बैठकीत पाय पसरून बसला आणि म्हणाला, भावोजी, लपवण्यासारखं काही नसेल तर फोन दाखवायला हरकत काय?  थोड्या वेळाने तो मोरीकडे गेला आणि आतून कडी लावल्याचा आवाज आला. तो बाहेर आल्यावर मी विचारलं, का रे, आत काय लपवत होतास? तो चिडून चहा न घेताच गेला. तुझी आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला हसू फुटलं आणि लगेच ती रडायलाच लागली. मी जवळ जाऊन उभा राहिलो, पण तिने हात लावू दिला नाही.

मागच्या भेटीत आपण काचेच्या दोन बाजूंना बसलो होतो आणि तिथल्या फोनवर पाण्याच्या टाकीची गळती, तुझ्या शाळेतली बदली बाई, माझा गुडघा असलं काहीबाही बोलत होतो. रिसीव्हरवरच पाटी लावलेली, की संभाषण नोंदवलं जातं. खरं विचारायचं ते तोंडाने विचारता येत नव्हतं. शेवटी मी काचेसमोर नुसतं मनगट फिरवलं, किल्ली फिरवतात तसं, आणि भुवई वर केली. उघडू का? तुला कळलं. तू लगेच नाही म्हणाली असतीस तर मला वाटलं असतं की हट्ट करतेयस. पण तू खाली बघितलंस, बराच वेळ बघत राहिलीस, तुझी हनुवटी थरथरायला लागली. तुला घरी यायचंय, हे मला त्या वेळी दिसलं. आणि मग तू मान हलवलीस, नाही. परत येताना बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो. शेजारच्या माणसाला वाटलं मला बस लागते.

दुकानात हल्ली कोण येतं, कोण जातं, ते मी लिहिणार नाही. फक्त एका गिऱ्हाइकाचं सांगतो. कुठलं, कोणत्या वयाचं, कशासाठी आलं, हे वाचणाऱ्यांनी विचारू नये, माझी नजर अधू झाली आहे. ते गिऱ्हाईक खड्ड्यावरच्या फळीवरून आत आलं आणि माझ्यासमोर एक किल्ली ठेवली. चांगली नवी किल्ली, तिची नक्कल करायची काही गरज नव्हती. मी तसं म्हटलं. तरी ते तिथेच उभं. मग हळू आवाजात विचारलं की लोकांच्या दुसऱ्या किल्ल्या तुमच्याकडे असतात म्हणे, त्या नीट राहतात ना? मी म्हटलं, ज्याची असेल त्याच्या परवानगीशिवाय मी देत नाही. किल्ली उचलताना ती त्याच्या हातून दोनदा पडली. मला एकदम राग आला. वाटलं, धरावं मनगट आणि म्हणावं, माझी मुलगी आत बसलीय आणि तुला किल्ल्यांची पडलीय? पण ते माणूस माझ्याकडे असं बघत होतं, जसं डॉक्टरकडे बघतात. तुझ्या फोनमध्ये नावं आहेत असं मी आजवर म्हणत होतो. त्या दिवशी कळलं की माणसं आहेत, त्यांना घरं आहेत, नोकऱ्या आहेत, आणि तीही जेवत नसणार. आईला मी हे सांगितलं. त्या रात्रीचं ताट तिने आमच्या भांडणानंतर प्रथमच नीट वाढलं.

वकीलबाईंकडे दोनदा जाऊन आलो. झेरॉक्सच्या दुकानावरची ती खोली तुला माहीत आहे, मशीन चालू झालं की टेबल हलतं. त्यांनी मला आडपडदा न ठेवता सांगितलं. गप्प राहण्याचा हक्क तुझा, कारण आरोपी तू आहेस. मी साक्षीदार. साक्षीदाराला शपथेवर उत्तर द्यावं लागतं. माहीत नाही म्हणालो तर ते खोटं, आणि खोटं बोला असं त्या सांगणार नाहीत. सांगितलं तर फोन त्याच खोलीत उघडेल. माहीत आहे पण सांगणार नाही म्हणालो, तर त्या माझ्या बाजूने जीव तोडून भांडतील, की ही दुसऱ्याची ठेव आहे, ज्याची आहे तिने ना म्हटलंय, आणि बापाकडे ठेवली म्हणून तिचा हक्क संपत नाही. न्यायाधीशांना पटेल का, विचारलं. त्या म्हणाल्या, काका, मला ठाऊक नाही, असा प्रश्न त्यांच्यासमोर पहिल्यांदाच येतोय. आणि नाही पटलं तर बोलेपर्यंत आत ठेवता येतं. मी आयुष्यभर दुसऱ्यांची कुलपं उघडत आलो, कुलूप कधी आतून बघितलं नाही. मला भीती वाटते, खटपटे. हे लिहायला लाज वाटत नाही. गुडघा दुखतो, रात्री दोनदा उठावं लागतं, आणि अनोळखी माणसांसमोर मला जेवण जात नाही. तो आकडा विसरायचाही प्रयत्न करून बघितला. पण किल्लीच्या खाचांसारखा तो डोक्यात बसलाय, जितका घासावा तितका उजळतो. झोपेत बोलून जाईन म्हणून हल्ली भिंतीकडे तोंड करून झोपतो.

आज दुपारी जेवायला घरी गेलो तर पलंगावर माझी प्रवासाची पिशवी भरून ठेवलेली. मी काय ठरवलंय ते तुझ्या आईला सांगितलं नव्हतं, कसं सांगावं तेच सुचत नव्हतं. पिशवीत रक्तदाबाच्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी, स्वेटर, वाचायचा चष्मा आणि माझे दोन पायजमे. पायजम्यांच्या नाड्या काढून तिने इलॅस्टिक घातलंय. तुझ्या वेळी नाडीचे कपडे चालत नाहीत म्हणून तुरुंगाच्या गेटवरून परत आले होते, ते तिच्या लक्षात होतं. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, कमरेत घट्ट होतात का ते घालून बघा, सोमवारच्या आत सैल करून देते. मी घालून बघितले. बरोबर बसले.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो, आणि वाचणाऱ्या साहेबांनीही हे नीट वाचावं. सोमवारी मी कोर्टात सांगणार आहे की आकडा मला माहीत आहे आणि मी तो देणार नाही. त्यानंतर मी घरी येईनच असं नाही. आणि मी आत गेलो की ते तुझ्याकडे येतील. आरडाओरडा करणार नाहीत, चष्मेवाल्या साहेबांसारखे गोड बोलतील. म्हणतील, तुझा बाप म्हातारा आहे, त्याचा रक्तदाब वाढलाय, जेवत नाही, रात्री गुडघा धरून बसतो, एक आकडा सांग आणि त्याला घरी जाऊ दे. त्यातलं बरंचसं खरं असेल. बाप मुलीसाठी आत बसलाय असं ऐकल्यावर तुझं काय होईल ते मला ठाऊक आहे, कारण मुलगी आत बसल्यावर माझं काय झालं ते मी रोज बघतोय. म्हणून त्यांच्याआधी तुला हे माझ्याकडून कळायला हवं होतं. हे पत्र अडवलं गेलं, तर वकीलबाईंकडे याची प्रत आहे, त्या तुला समोर बसून वाचून दाखवतील. माझी सुटका तुझ्या हातात आहे असं तुला कुणी सांगितलं तर मानू नकोस. मला तू आत घातलेलं नाहीस, मी माझ्या पायांनी जातोय, तेव्हा माझ्यासाठी म्हणून ते कुलूप उघडायचं नाही. तुला स्वतःलाच नको झालं, सहन होईना, तर तो निर्णय तुझा, त्याबद्दल मी जन्मात एक शब्द काढणार नाही. पण माझं नाव घेऊन नको. पुढच्या भेटीला काचेपलीकडे आई एकटीच दिसली तर काय झालं असेल ते तुला कळेल. तिला माझ्याबद्दल लगेच काही विचारू नकोस, तिला बोलता येणार नाही. आधी तिला सांग की तू जेवलीस, आणि काय जेवलीस तेही सांग.

तुझाच,
बाबा